हळदीकुंकवाला या, पर्स घेऊन या

पत्र थोडक्यात

इंदूरच्या एका वाचक बाईंचं हे पत्र. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. वय ४३, शाळेत अर्धवेळ शिकवतात. घरी यजमान, सासूबाई आणि कॉलेजात जाणारी मुलगी. मोठी नणंद गावातच राहते, या तिला वन्सं म्हणतात. वन्सं दीड वर्षापासून एका कंपनीचे डबे, बाटल्या, तवे घरोघरी पार्ट्या करून विकतात. अलीकडे त्यात चेहऱ्याची क्रीम आणि ताकदीची पावडरही आली आहे. भिशीतल्या बायका त्याच, नात्यातल्याही त्याच, त्यामुळे महिन्याला एक तरी पार्टी ठरलेली.

बाई लिहितात: "गेलं की काहीतरी घ्यावंच लागतं. मागच्या आठवड्यात बेरीज केली तर १४,६०० रुपये निघाले. यांना आकडा सांगितलेला नाही. आमच्या गल्लीतल्या एक जणी शिवणकाम करतात. त्यांनी तिसऱ्या पार्टीला ४२० रुपयांची बाटली घेतली आणि पुढच्या महिन्यात भिशीच सोडली. आता वन्सं म्हणतात, यंदा संक्रांतीचं हळदीकुंकू तुझ्याकडे आहेच, त्यातच माझी पार्टी उरकू. वाणाचे २५ डबेही माझ्याकडूनच घे, ९५ रुपयांना एक. शिवाय माझ्या हाताखाली नाव घाल, फी काही नाही, नुसतं पॅनकार्ड दे. सासूबाई म्हणतात, घरची लेक आहे, तिला नाही हात द्यायचा तर कुणाला? हे म्हणतात, बायकांचं बायकांनी बघा. वन्संचं चांगलं चाललंय, पलंगाखाली मालाची खोकी लागलीत, मग मी आडवी का येऊ? पण मनातून नको वाटतं. माझा स्वभावच भिडस्त. काय करू?"

उत्तर

आधी स्वभावाचं बोलू, कारण सगळा दोष त्याच्या पदरात टाकून तुम्ही मोकळ्या झालात. 'भीड ही भिकेची बहीण' असं म्हणत आपल्या आज्या भिडस्त माणसालाच चार शब्द ऐकवायच्या. पण ज्या धंद्याचं भांडवलच दुसऱ्याची भीड आहे, तिथे भिडस्ताला बोल लावून काय होणार?

तुम्ही बर्तन बाजारात जाता. दुकानदार वीस डबे काढून मांडतो, झाकणं लावून दाखवतो. तुम्ही "बघून येते, भिया" म्हणता आणि शेजारच्या दुकानात शिरता. त्याला राग येत नाही, तुम्हाला लाज वाटत नाही. त्या तीन शब्दांत गिऱ्हाइकाचं सगळं स्वातंत्र्य आहे. तुम्ही भिडस्त आहात, तरी तिथे तुमचं काही अडत नाही.

घरच्या पार्टीत "बघून येते" म्हणायला जागा नसते. चहा पिऊन झालेला असतो. तंबोल्यात एखादी चहाची गाळणी फुकट मिळालेली असते, म्हणजे तुम्ही थोड्या मिंध्या आधीच झालेल्या. मग डेमो होतो आणि ऑर्डरचा कागद एकीच्या हातून दुसरीच्या हाती येतो. त्यावर तुमच्या आधीच्या नऊ जणींची नावं आणि नावांपुढे आकडे. समोर ट्रे घेऊन उभी असते ती घरची बाई, आणि तिला मिळणारी भेट आजच्या एकूण विक्रीवर ठरणार हे प्रत्येकीला ठाऊक असतं. अशा वेळी नावापुढे शून्य घालून कागद पुढे सरकवणं वकिलीणबाईंनाही जड जाईल. शिवाय उठायच्या आत "पुढची कुणाकडे?" हे ठरलेलं असतं. एका पार्टीतून दोन पार्ट्या निघाल्या नाहीत तर हे गाडं चालत नाही. तेव्हा वन्संनी तुम्हाला गळ घातली त्यात त्यांचा कावा आहे असं मला वाटत नाही. त्यांना शिकवलंच तसं आहे.

ही पद्धत आपल्याकडची नाही. अमेरिकेत १९४० च्या दशकात अर्ल टपर यांनी प्लॅस्टिकचे डबे बाजारात आणले. दुकानात ते नीट खपेनात, कारण झाकण दाबून आतली हवा कशी काढायची हे फळीवरचा डबा बोलून दाखवत नाही. ब्राउनी वाइज या बाईंनी बायकांना घरी जमवून ते करून दाखवलं. मग माल असा उठला की १९५१ मध्ये टपरवेअरने डबे दुकानांतून काढून घेतले आणि फक्त घरच्या पार्ट्यांतून विकायला सुरुवात केली. १९५४ मध्ये या बाई 'बिझनेस वीक'च्या मुखपृष्ठावर झळकल्या आणि १९५८ मध्ये कंपनीने त्यांना काढून टाकलं. (हा भाग डेमोत कुणी सांगत नाही.) भारतात टपरवेअर १९९६ मध्ये आलं. त्या कंपनीवर २०२४ च्या सप्टेंबरात अमेरिकेत दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा घ्यायची पाळी आली.

वन्संची कंपनी वेगळी, माल वेगळा. तरी एवढं सांगितलं ते एका कारणासाठी. तेव्हा घरी जमून डबा दाखवण्यात काहीतरी अर्थ होता, दाखवल्याशिवाय तो कळतच नव्हता. आज डबा, त्याचं झाकण, त्याची किंमत आणि तो घेऊन पस्तावलेल्या चार जणींची मतं तुमच्या मुलीच्या मोबाइलवर दोन मिनिटांत सापडतात. म्हणजे पार्टीत डब्याची माहिती म्हणून वेगळी काही मिळत नाही. तिथे जे आणखी मिळतं ते म्हणजे तुमच्याशी असलेलं नातं आणि तुमच्या दिवाणखान्यातली उठबस. विकलं जातं ते हे, आणि त्याची किंमत कॅटलॉगात छापलेली नसते.

मीही एकदा पार्टी दिली आहे, उगाच सोवळं नेसून बोलत नाही. नव्वदचं दशक सरत आलं होतं, रामबागेतलं आमचं जुनं घर, चौदा बायका, आपली इंदुरी साबुदाणा खिचडी, वर सेव आणि लिंबू. मला भेट म्हणून हिरव्या झाकणाचा डबा मिळाला. झाकण तिसऱ्या वर्षी सैल झालं, चिवडा सादळतो, पण डबा टाकवत नाही. महिन्याभराने शेजारच्या काकू ओट्यावर बसल्या बसल्या म्हणाल्या, "तुझ्या पार्टीपायी या खेपेला सिलिंडर आठवडाभर उशिरा आणला गं." हसत म्हणाल्या. मी पण हसले. त्या माझ्याकडे डबा घ्यायला आल्याच नव्हत्या, मी बोलावलं म्हणून आल्या होत्या, हे माझ्या डोक्यात शिरायला बरीच वर्षं गेली.

आता हळदीकुंकवाचं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आपण एकमेकींकडे जातो ते कशाला? घरची बाई देते आणि येणारी घेते. कुंकू, तीळगूळ, वाण, आणि दहा मिनिटांत पुढच्या घरी. येणारीने पर्स आणलीच नाही तरी कुणाला कळत नाही. ही रीतही काही धुतल्या तांदळासारखी नाही. विधवा बाईला आपण किती वर्षं उंबऱ्याबाहेर ठेवलं, आणि "यंदा जोश्यांकडे वाणाला नुसती कंगवा-फणी" ही कुजबुज मी स्वतःच्या कानांनी ऐकली आहे. पण त्या कुजबुजीतसुद्धा जोखली जायची ती यजमानणीची ऐपत. आलेल्या बाईच्या ऐपतीला कुणी हात लावत नसे. तिथे ऑर्डरचा कागद फिरवला की जोखणं उलटं होतं. शिवणकाम करणाऱ्या त्या बाई ४२० रुपयांच्या बाटलीबरोबर काय घेऊन घरी गेल्या असतील याचा विचार करा. भिशी त्यांनी बाटलीपायी सोडली असेल असं मला वाटत नाही.

म्हणून पहिली गोष्ट, आणि यात मी मधला मार्ग सांगणार नाही: हळदीकुंकू आणि पार्टी एकत्र नको. बाकी सगळ्याला वाटाघाटी आहेत, याला नाही.

"थोडंच नुकसान झालं, वस्तू तर घरात आहेत," असं तुमच्या मनात असेल. मग वस्तू खाली काढा. रविवारी दुपारी १४,६०० रुपयांचा तो सगळा माल ओट्यावर मांडा. रोज हाताशी लागतात ते एकीकडे. वापरात आहेत पण स्टीलच्या डब्यानेही तेच काम झालं असतं ते दुसरीकडे. माळ्यावरून काढताना पिशवीची गाठही सुटलेली नाही असे तिसरीकडे. पहिल्या ढिगाबद्दल स्वतःला मुळीच दोष देऊ नका, चांगल्या वस्तू आहेत, पैसे वसूल. तिसऱ्या ढिगाची बेरीज करा. तो खर्च स्वयंपाकघराचा नव्हता, नात्याचा होता. नात्यापायी खर्च करायचा तर तो उघडपणे करावा असं माझं मत आहे. वन्संच्या मुलाची फी भरली असती तर तुम्ही यजमानांपासून ती लपवली नसती.

शिवाय येऊ घातलेल्या खर्चाचा हिशोब तुम्ही धरलेलाच नाही. एरवी हळदीकुंकवाला मसाला दूध आणि तीळगूळ पुरतो. पार्टी म्हटली की बायका दोन तास बसणार, म्हणजे कचोरी, ढोकळा, चहा. पंचवीस जणींचे माणशी ६० रुपये धरले तरी १,५००. वाणाचे २,३७५. झाले ३,८७५, आणि यात तुमची खरेदी अजून आलेलीच नाही. बदल्यात फार तर आठ-नऊशे रुपये छापील किमतीचा एक डबा 'फुकट'.

आता खोक्यांकडे येते. तुमच्या पत्रातलं मला सर्वांत बोचलेलं वाक्य हेच: पलंगाखाली खोकी लागलीत म्हणजे वन्संचं चांगलं चाललंय. अहो, सियागंजातल्या एखाद्या व्यापाऱ्याच्या घरी पलंगाखाली माल साठलेला दिसला तर आपण काय म्हणू? उठाव नाही म्हणू. खोकी म्हणजे न खपलेला माल. तो बहुधा वन्संनी स्वतःच्या पैशांनी उचललेला आहे.

असं का होतं ते सांगते. खरे आकडे वन्संच्या वहीत असतील, मी अंदाजाने मांडते. महिन्याला तीन पार्ट्या, प्रत्येकीत ६,००० ची विक्री, म्हणजे १८,०००. शेकडा २२ सुटतात असं धरलं तर ३,९६० रुपये हाती आले. ऐकायला छान. त्यातून यजमानणींना द्यायच्या भेटी, तीन वेळा ४०० प्रमाणे १,२००. तंबोल्याची बक्षिसं ४५०. सुदामा नगरहून विजय नगर, तिथून राऊ, रिक्षाचे ६००. महिनाअखेरीला वरच्या बाईंचा, म्हणजे वन्संनी जिच्या हाताखाली नाव घातलंय तिचा, फोन येतो की टार्गेटला दोन हजार कमी पडताहेत, लेव्हल जाईल. मग २,००० चा माल स्वतःच्याच नावावर. झाले ४,२५०. म्हणजे महिनाभर पायपीट करून २९० रुपये पदरचे. पलंगाखालचा माल पुढे विकला जाईल तेव्हा काही पैसे परत येतील हे खरं, पण तो कुणाला विकला जाणार? तुम्हालाच. वर उधारी. कंपनीला पैसे आधी भरायचे असतात आणि मावशी-काकूंकडून ते "पुढच्या भिशीला देते गं" म्हणून यायचे असतात.

माझा अंदाज चुकला तर मला आनंदच होईल. काही बायका यात खरंच नीट कमावतात. ज्यांच्याकडे ओळखींचा गोतावळा मोठा आहे, मालाची पारख आहे आणि टार्गेटच्या फोनला "नाही" म्हणायची धमक आहे त्या. पण ज्या बाईचं नीट चाललंय ती भावजयीच्या हळदीकुंकवात पार्टी घुसवणार नाही, आणि वाणाचे पंचवीस डबे तिच्या गळ्यात मारणार नाही. ही घाई टार्गेटची आहे. कदाचित घरात पैशांचीही ओढ असेल, आणि मोठी बहीण म्हणून ती धाकट्या भावापुढे बोलायची त्यांना चोरी.

भाऊ म्हटलं की तुमचे यजमान आले. "बायकांचं बायकांनी बघा" हे वाक्य मला मान्य नाही. बहीण त्यांची आहे. डबे बायकांचे असतील, पण बहिणीचे पैसे अडकलेत का, हा प्रश्न भावाचा आहे. आधी तुमचा आकडा त्यांना सांगा, कारण तो लपवून ठेवलात तर या सगळ्या बोलण्यात तुमचाच पाय अडखळेल. आणि मग त्यांना एकच काम द्या: एका संध्याकाळी एकट्याने बहिणीकडे जायचं, डब्यांचा विषय काढायचा नाही, नुसतं विचारायचं, "ताई, किती अडकलेत?" सासूबाईंचंही तेच. घरच्या लेकीला हात द्यायचा हे त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. फक्त ४२० ची बाटली घेतली की लेकीच्या हातात किती पडतात ते त्यांना सांगा: शेकडा २२ ने ९२ रुपये. लेकीला १,००० रुपयांची मदत करायची तर साडेचार हजारांची खरेदी करावी लागेल, आणि बाकीचे साडेतीन हजार ज्यांना जातात त्यांना सासूबाई ओळखतसुद्धा नाहीत. मदतच करायची तर हजार रुपये पाकिटात घालून भाऊबीजेला द्यावेत.

हाताखाली नाव घालण्याबद्दल मी जास्त वेळ घेत नाही: घालू नका. "नुसतं पॅनकार्ड" असं काही नसतं. तुमच्या नावावर करार होतो, तुमच्या नावावर माल उचलला जातो, कमिशन आलं तर ते तुमचं उत्पन्न म्हणून नोंदलं जातं आणि उद्या टार्गेटचा फोन तुम्हालाही येतो. शिवाय साधं गणित आहे. एकीने सहा जणी आणायच्या, त्या सहांनी प्रत्येकी सहा. पाचव्या पायरीवरच ७,७७६ बायका लागतात. आठव्या पायरीपर्यंतच्या सगळ्या मोजल्या तर वीस लाखांच्या वर जातात, आणि २०११ च्या जनगणनेत अख्ख्या इंदूर शहराची वस्ती, तान्ह्या लेकरांसकट, एकोणीस लाख चौसष्ट हजार होती. डबे विकायला सगळे, घ्यायला कुणी नाही.

याबाबत सरकारचे नियमही आहेत, आणि ते वन्संनाही उपयोगी पडतील, म्हणून सांगते. थेट विक्रीसाठी ग्राहक संरक्षण कायद्याखाली डिसेंबर २०२१ मध्ये नियम लागू झाले. त्यांत कंपनीला विक्रेतीकडून प्रवेश फी किंवा डेमोच्या सामानाचे पैसे सक्तीने घेता येत नाहीत. नुसती माणसं जोडली म्हणून पैसे द्यायला मनाई आहे, आणि पिरॅमिडसारखी साखळी चालवायलाही. करार लेखी हवा आणि सही केल्यावर विचार बदलला तर दंड न भरता बाहेर पडायला ठरावीक मुदत हवी. विक्रेतीने ओळखपत्राशिवाय आणि वेळ ठरवल्याशिवाय कुणाच्या घरी जायचं नाही. कंपनीला तक्रार अधिकारी नेमावा लागतो. तक्रारीची पोच ४८ कामकाजी तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. तेवढ्याने भागलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. वन्संनी आपला करार काढून माल परत घेण्याबद्दल त्यात काय लिहिलंय ते बघावं. पुष्कळ जणी सही करतात आणि तो कागद परत कधी उघडत नाहीत. खोकी अजून सीलबंद असतील तर हे काम उद्यावर टाकू नये. आणि ताकदीच्या पावडरीने साखर उतरते, सांधे मोकळे होतात असं कुणी पार्टीत सांगत असेल तर सासूबाईंची चालू गोळी त्या भरवशावर बंद होणार नाही एवढं बघा. या एका बाबतीत भीड अजिबात नको.

राहिला प्रश्न वन्संना सांगायचं कसं. ग्रुपवर नाही, फोनवर नाही, सगळ्यांसमोर तर मुळीच नाही. त्यांच्या घरी जा, संक्रांतीच्या दोन-तीन आठवडे आधी, म्हणजे त्यांना दुसरीकडे पार्टी ठरवायला वेळ राहील. कारणं सांगत बसू नका. "मुलीची परीक्षा आहे" म्हटलंत तर त्या म्हणतील, परीक्षेनंतर ठेवू. कारणाला उत्तर असतं, ठरवलेल्या गोष्टीला नसतं. साधं म्हणा: "वन्सं, हळदीकुंकू मी नुसतं हळदीकुंकूच करणार आहे, विक्री नको. वाण मी आणलंय. तुमची पार्टी तुमच्या घरी ठेवा, मी सकाळपासून मदतीला येते. पण मी आता दर वेळी खरेदी करणार नाही, लागेल तेव्हा मी होऊन सांगेन." एवढंच. "वाण मी आणलंय" हे खरं असावं, म्हणून आधी आणून ठेवा. त्या रुसतील. "तुला परकी झाले मी" असंही म्हणतील. लगेच समजूत घालायला जाऊन एक बाटली घेऊ नका, नाहीतर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

नातं तुटेल ही तुमची भीती. कदाचित महिनाभर ताणलं जाईल. पण सध्या त्या नात्याचं काय झालंय तेही बघा ना. तुम्ही वन्संकडे शेवटचं कधी गेलात, जेव्हा समोर कॅटलॉग नव्हता? त्यांचा फोन वाजला की पोटात गोळा येतो, असं तुम्ही लिहिलेलं नाही, पण दर पार्टीला नाइलाजाने जाणाऱ्या बाईला तो येतोच. त्यांनाही कळत असेल की भावजय आपल्याला बघून दोन पावलं मागे सरकते. पार्टीतून मोकळ्या झालात तर त्यांच्याकडे नुसतं पोहे खायला जाता येईल.

मधले रस्तेही आहेत, ज्यांना एवढं स्पष्ट बोलवत नाही त्यांच्यासाठी. वर्षाला एक आकडा यजमानांसमोर ठरवा, समजा १,५००, आणि तो संपला की "यंदाचं झालं माझं" म्हणा. आकड्याच्या आड उभं राहून बोलणं सोपं जातं. भिशीत सगळ्यांनी मिळून ठराव करा की भिशीच्या दिवशी विक्री नाही, ज्यांना करायची त्यांनी वेगळा दिवस ठेवावा. हा ठराव ज्या बाईला खर्च परवडतो तिने मांडावा. जिला परवडत नाही तिने मांडला तर सगळ्या तिच्याकडेच बघतील. आणि ज्या वाचकांच्या घरी पुढच्या महिन्यात पार्टी ठरलेलीच आहे त्यांनी निदान ऑर्डरचा कागद फिरवू देऊ नये. कॅटलॉग टेबलावर ठेवा, जिला हवं तिने नंतर फोन करावा. विक्री किती उतरते ते बघाच. त्या उतरलेल्या आकड्यात किती भीड होती ते आपोआप मोजलं जाईल.

स्वतः विकणाऱ्या बायकांचीही पत्रं मला येतात, त्यांना एवढंच: एक वही करा. डाव्या पानावर आलेलं, उजव्या पानावर गेलेलं, रिक्षापासून बक्षिसापर्यंत सगळं, आणि स्वतःसाठी उचललेला माल लाल शाईने. तीन महिने लिहा. वरच्या बाईंना वही दाखवू नका, नवऱ्याला किंवा भावाला दाखवा.

वाणासाठी मारोठिया बाजारात एक चक्कर मारा. पंचवीस-तीस रुपयांत चांगल्या वस्तू मिळतात, किंवा तुमच्या त्या शिवणकामवाल्या बाईंकडूनच कापडी पिशव्या शिवून घ्या, रोख पैसे आधी देऊन. हे काम द्यायला गेलात की तिथेच हळदीकुंकवाचं आमंत्रणही करा, हातात अक्षता घेऊन. पर्स घरी ठेवून या असं तोंडाने म्हणता येणार नाही. पण यंदा आमच्याकडे कसली पार्टी नाही, नुसतं मसाला दूध आहे, हे बोलता बोलता त्यांच्या कानावर घाला.